तांबड्या पिलावळीची राखण

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या परिसरात जुन्या मालगुजारी तलावांत पावसाळ्यात काठाजवळच्या उथळ पाण्यावर तांबूस डाग सरकताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. हवा घ्यायला सगळी मिळून वर येतात, पुन्हा खाली जातात, आणि आईबाप त्यांच्या बुडाशी फिरत असतात. मरळीची जोडी पाणगवत बाजूला सारून जागा मोकळी करते, तिथे काही हजार तरंगती अंडी पडतात, आणि ती फुटल्यावरही कित्येक आठवडे राखण सुटत नाही. रोहूचा हिशेब याच्या उलट. मादी किलोभर वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. आकड्यांवर जायचं तर तलाव रोहूने भरायला हवा. पण तिला वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात ती सहसा वीतच नाही. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांची वीण घडवून आणली, त्या वाटेने आज रोहूचं बीज मिळतं; तलावात मात्र ते पुन्हा पुन्हा विकत आणून सोडावं लागतं. मरळीचं बीज तलावच देतो. म्हणून माझ्या मते तलावाची खरी शिल्लक मोजायची ती अंड्यांच्या संख्येवर नव्हे, राखणीवर.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मरळ शिकारी आहे, विकत आणलेलं बीज गिळते, मग मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीने तिला का पोसावं? नुकतंच फुटलेलं जिरे सोडलं तर नुकसान होणारच. बोटुकली वाढवून सोडली तर ते बरंच कमी होतं. शिवाय उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरतो तेव्हा रोहू गुदमरते, मरळ हवेवर तग धरते, आणि बाजारात तिला भावही चढा मिळतो. रोहू नकोच, असं मी म्हणत नाही. पिकाचं वजन तीच देते. पण तिच्यासाठी काठचं सगळं पाणगवत उपटणं, किंवा ते बेशरम या झुडपाखाली दबू देणं, म्हणजे मरळीचं बाळंतघर मोडणं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांसोबत बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या, त्या कामाचं मोल इथे कळतं.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यातल्या गळाची. पिल्लं राखणारी मरळ जवळ येणाऱ्या कशावरही झेप घेते, त्यामुळे तेव्हाच ती सर्वांत सहज सापडते. हाती एक मासा लागतो. मागे उरलेल्या तांबड्या घोळक्यावर दुसरे मासे आणि बगळे तुटून पडतात.