पंचवीस जूनची खुंटी

आमच्या शाळेत जिन्याखाली एक फळा होता. वरच्या अर्ध्यात सुविचार, खालच्या अर्ध्यात दिनविशेष. सुविचार बाई सांगत. दिनविशेष मात्र ज्याची पाळी असेल त्याने सकाळच्या पेपरातून उतरवून काढायचा. त्या चार-पाच ओळींची मला भारी गंमत वाटायची. एका ओळीत कुणाचा जन्म, दुसरीत कुणाचा मृत्यू, तिसरीत युद्ध पेटलेलं, चौथीत कुठल्याशा संघानं कप जिंकलेला. एसटीच्या बाकावर अनोळखी माणसं खेटून बसावीत तशा या घटना शेजारी शेजारी बसायच्या आणि एकमेकींकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

निदान तेव्हा तसं वाटायचं. नंतर कधीतरी २५ जून या एकाच तारखेचा नाद लागला आणि तो काही सुटला नाही.

२५ जून १९०३ रोजी आजच्या बिहारमधल्या मोतिहारी गावात, सरकारी अफूखात्यात नोकरी करणाऱ्या एका इंग्रज अंमलदाराला मुलगा झाला. एरिक ब्लेअर त्याचं नाव. पुढे जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावानं त्यानं ‘१९८४’ लिहिली. माणसाच्या बोलण्यावरच नव्हे, तर मनातल्या मनात येणाऱ्या विचारांवरही पहारा ठेवणाऱ्या सरकारची ती कादंबरी. आता त्याच्या जन्माला बरोबर ७२ वर्षं झाली तो दिवस बघा. २५ जून १९७५. संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. देशाच्या मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पहाटे बैठकीला बोलावून सांगितली गेली. एखाद्या कादंबरीकारानं ही जुळणी केली असती तर संपादकानं त्याला म्हटलं असतं, अहो, इतकंही जुळवून आणू नका.

आणि नेमक्या याच तारखेला, त्याच वर्षी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला. २५ जून १९७५ ची मध्यरात्र उलटताच सामोरा माशेल यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. एकाच तारखेच्या पहाटे एका देशाचं कुलूप निघालं आणि रात्री दुसऱ्या देशाला लागलं. गोव्याच्या वाचकाला यात आणखी एक धागा दिसेल. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा.

इथं आपण काकतालीय म्हणून मोकळे होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण मोझांबिकच्या बाबतीत कावळ्याला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. तिथं लढणाऱ्या फ्रेलिमो या संघटनेची स्थापना दार-ए-सलाममध्ये झाली ती २५ जून १९६२ रोजी. स्वातंत्र्याचा दिवस ठरवताना त्यांनी आपलाच वाढदिवस निवडला. तसंच १९९१ मध्ये. त्या २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया हे दोन देश एकाच दिवशी युगोस्लाव्हियापासून वेगळे झाले, तेही एकमेकांशी बोलून. दिनविशेषाच्या फळ्यावर निवड आणि योगायोग एकाच खडूनं लिहिलेले असतात, म्हणून ते सारखे दिसतात, एवढंच.

तारखा अशा हातानं जुळवणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणावा असा माणूसही २५ जूनचाच, १९०० सालचा. लॉर्ड माउंटबॅटन! भारत स्वतंत्र कधी होणार, असं १९४७ च्या जूनमध्ये पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांनी १५ ऑगस्ट सांगितलं. त्यांच्या मनात होती जपानची शरणागती. तिला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होणार होती, आणि आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती तेव्हा खुद्द माउंटबॅटनच होते. म्हणजे कोट्यवधी लोकांच्या स्वातंत्र्याची तारीख एका माणसानं आपल्या आठवणीच्या खुंटीवर टांगली. आपला वाढदिवस निवडला नाही, हे नशीबच म्हणायचं.

मग खरा कावळा कुठं बसला? माझ्या मते, लॉर्ड्सच्या मैदानावर.

भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर सुरू झाला तो २५ जून १९३२ रोजी. कर्णधार नागपूरचे सी. के. नायुडू. मोहम्मद निसार यांनी सटक्लिफ आणि होम्स या दोघांचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. ज्यांना शिकवायला बोलावलं होतं तेच मास्तरांची परीक्षा घेऊ लागले! पुढे इंग्लंडनं सावरून सामना १५८ धावांनी जिंकला, पण निसार यांचे पाच बळी आणि अमर सिंग यांचं अर्धशतक कुणाला पुसता आलं नाही. भारताकडून पहिला चेंडू खेळणारे फलंदाज होते जनार्दन नवले. यष्ट्यांमागेही तेच. पुण्याजवळच्या फुलगावचे. क्रिकेटवर रात्र रात्र बोलणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

तिथून ५१ वर्षांनी, त्याच मैदानावर, त्याच तारखेला, कपिल देवच्या संघानं वेस्ट इंडिजला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरवलं. भारत सर्वबाद १८३, वेस्ट इंडिज १४०. बलविंदर संधूचा चेंडू सोडून देणारा ग्रीनिज, रिचर्ड्सचा उंच झेल घेण्यासाठी उलटा धावत सुटलेला कपिल, शेवटी मोहिंदर अमरनाथपुढे पायचीत झालेला होल्डिंग. ही चित्रं घराघरात पाठ आहेत. वार मात्र सहसा कुणी बघत नाही. २५ जून १९३२ हा शनिवार होता. २५ जून १९८३ हाही शनिवारच! तारीख तीच, मैदान तेच आणि वारसुद्धा तोच.

आता अंगावर काटा येऊ द्या आणि मग तो थोडा खाली बसवू. इंग्लंडमध्ये जूनचा उत्तरार्ध म्हणजे क्रिकेटचा भर हंगाम. बडा सामना असला की लॉर्ड्स ठरलेलंच, आणि सुट्टीचा म्हणून शनिवार सोयीचा. पहिल्या तीन विश्वचषकांचे अंतिम सामने पाहा, १९७५ मध्ये २१ जून, १९७९ मध्ये २३ जून, १९८३ मध्ये २५ जून. तिन्ही लॉर्ड्सवर, तिन्ही शनिवारी. म्हणजे ३६५ घरांच्या पटावर सोंगटी कुठंही पडू शकत होती असं नाही. तिला हिंडायला दहा-बारा घरंच होती. आश्चर्य त्यामुळे आटतं, पण उडून जात नाही. उरतं तेवढं निव्वळ सोनं.

वाढदिवसांचं गणित याच्या नेमकं उलट आहे. तिथं योगायोग दुर्मिळ वाटतो आणि निघतो अगदी स्वस्त. २३ माणसं एका खोलीत जमवा. त्यांच्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. पहिल्यांदा ऐकलं की कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण आपण मनात ‘माझ्या’ वाढदिवसाचा जोडीदार शोधत असतो. पण इथं प्रश्न कुणाही दोघांचा आहे, आणि २३ माणसांत अशा जोड्या लागतात २५३. साठ मुलांचा वर्ग असेल तर शक्यता ९९ टक्क्यांच्याही पुढे. आमच्या वर्गात दोघीजणी एकाच दिवशी गोळ्या वाटायच्या आणि आम्ही त्याला चमत्कार समजायचो! चमत्कार तर त्या दोघी नसत्या तर झाला असता.

क्रिकेटच्या मैदानावर दोन्ही संघ धरून २२ खेळाडू, म्हणजे शक्यता जेमतेम ४८ टक्के, जवळजवळ नाणेफेकच. म्हणून मी ८३ च्या अंतिम सामन्यातल्या बावीस जणांचे वाढदिवस कागदावर मांडून बसलो. एकही जोडी जुळली नाही! पण डेस्मंड हेन्सचा वाढदिवस १५ फेब्रुवारी आणि मायकल होल्डिंगचा १६ फेब्रुवारी. माल्कम मार्शलचा १८ एप्रिल आणि त्या सामन्यातले पंच डिकी बर्ड यांचा १९ एप्रिल. चेंडू दोनदा यष्टीला चाटून गेला आणि बेल काही पडली नाही. अर्थात यालाही हिशेब आहे. नेमका तोच दिवस न मागता एका दिवसाचं अंतर चालवून घेतलं, तर निम्म्या शक्यतेसाठी १४ माणसंसुद्धा पुरतात.

हे सगळं गणित गृहीत धरतं की जन्म वर्षभर सारखे विखुरलेले असतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात तर या गृहीताचा फज्जा उडेल. तिथं जुन्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली भेटतात! जन्माची नोंद घरी नसे. आई सांगणार, मोठा पूर आला त्या साली, पेरणीच्या आधी. शाळा जूनमध्ये सुरू होणार, आणि पोराचं वय तर दाखल्यावर बसायला हवं. मग गुरुजी टाक उचलून लिहीत, १ जून. त्या एका फटकाऱ्यानं हजारो लोक एकमेकांचे वाढदिवसबंधू झाले आणि पुढे ३१ मे रोजी एकदमच निवृत्तही झाले. एकेका कचेरीत त्या संध्याकाळी शाल-श्रीफळांची रांगच लागायची. तारखा जुळवण्याच्या कामात मी गुरुजींना माउंटबॅटनच्या वरचं आसन देईन.

२५ जूनकडे परत येतो, कारण त्या बाकावर अजून बरीच मंडळी बसली आहेत. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झालेल्या, देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी. पंतप्रधान झालेले विश्वनाथ प्रताप सिंग. बगदादमध्ये जन्मलेले संगीतकार मदनमोहन. बार्सिलोनाचे वास्तुशिल्पी गौदी. करिश्मा कपूरही, जिचा पहिला वाढदिवस आणीबाणीच्या दिवशी आला आणि नववा विश्वचषकाच्या दिवशी. ॲन फ्रँकची डायरी पुस्तकरूपात पहिल्यांदा निघाली तीही १९४७ च्या २५ जूनला. यांच्यात नातं शोधू नये. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या घरात आहे. वर्षाच्या दिवसांवर वाटली तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला दोन कोटींहून जास्त माणसं येतात. एवढ्या गर्दीत कुणीच नामवंत निघाला नाही, तर तीच बातमी.

पण काही जण त्या बाकावर चुकीच्या तिकिटावर बसलेत की काय, अशीही शंका येते. मायकल जॅक्सनचा मृत्यू २५ जून २००९ असा सर्वत्र छापतात. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. १९९६ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याला नाचताना पाहिलेल्या मुंबईकराच्या घड्याळात मात्र तेव्हा २६ जूनच्या पहाटेचे तीन वाजायला चार मिनिटं कमी होती. कोरियाचं युद्ध २५ जून १९५० च्या पहाटे पेटलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना त्याची खबर फोनवर मिळाली २४ जूनच्या रात्री. तारीख जागेला बांधलेली असते. दिनविशेषात जागेचा रकानाच नसतो.

आणि पंचांगाचा तर विचारूच नका. आपल्याकडे एक दिवस असा आहे, ज्याला एकाच वेळी तीन नावं होती. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६. समारंभाला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या हिशेबानं ती होती ६ जून १६७४, कारण इंग्रज अजून जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. आणि गोव्यात? पोर्तुगालनं १५८२ मध्येच पोपची सुधारलेली ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली होती. तिच्याप्रमाणे तो दिवस होता १६ जून. रायगडावर त्रयोदशी, मुंबईच्या वखारीत सहा तारीख आणि पणजीच्या बाजूला सोळा. सूर्य तिन्हीकडे एकच. इंग्रजांनी आपली चूक १७५२ मध्ये सुधारली. २ सप्टेंबरला रात्री झोपलेली इंग्लंडची माणसं उठली ती थेट १४ सप्टेंबरला. रायगडाची ६ जून मात्र तशीच राहिली. आज आपण तिथं तारखेनं जमतो ती तारीख इंग्रजांनीच टाकून दिलेल्या दिनदर्शिकेतली आहे. तिथीवाले आणि तारीखवाले दरवर्षी हमरीतुमरीवर येतात, पण या सोळा तारखेची बाजू घेणारा मला अजून भेटायचा आहे.

इतकं सगळं कळल्यावर २५ जूनची जादू उतरायला हवी होती. उतरली नाही. काल पुन्हा बोटं मोजत बसलो होतो. २०२२ मध्ये ही तारीख शनिवारी आली होती. २०२८ मध्ये लीप वर्षामुळे ती शुक्रवारावरून उडी मारून थेट रविवारी जाते. पुन्हा शनिवार गाठते ती २०३३ मध्ये. त्या वर्षीचं कालनिर्णय अजून छापलेलंही नाही. पण लॉर्ड्सवर त्या दिवशी सामना कुणाचा, हे कळलं की मला जरूर सांगा.