मिळवती मुलगी आणि तिचे मन

सुरैया 31 जानेवारी 2004 रोजी गिरगावातील हरकिसनदास रुग्णालयात निवर्तली, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची अविवाहित वृद्धा होती. आईच्या पश्चात मरीन लाइन्सच्या घरात ती एकटीच राहत असे. तिच्या निधनानंतर चर्चा मात्र गाण्यापेक्षा अधिक झाली ती एकाच गोष्टीची : देव आनंद अंत्यविधीला आला नाही.

‘विद्या’ (1948) या चित्रपटात दोघे प्रथम एकत्र आले आणि प्रेम जडले. धर्म भिन्न, त्यात सुरैयाच्या आजीचा कडवा विरोध. आपण दिलेली अंगठी अखेर समुद्रात गेल्याची हकीकत देव आनंदने 2007 सालच्या आत्मचरित्रात सांगितली आहे. 1954 मध्ये त्याने कल्पना कार्तिकशी विवाह केला. सुरैया तशीच राहिली.

तिला ‘अमर प्रेमकथेची नायिका’ ठरवून आपण मोकळे होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला त्यात निराळेच काही दिसते. ‘ताजमहल’ (1941) मध्ये बालभूमिका करणारी ही मुलगी त्या दशकाच्या अखेरीस हिंदी चित्रसृष्टीतील सर्वाधिक मानधन घेणारी नटी झाली होती. घरात पैसा तिचा आणि शब्द आजीचा! जो मिळवतो त्याचे घरात चालते, हे पुरुषाच्या बाबतीत आपण गृहीतच धरतो. मुलगी मिळवती झाली की हे समीकरण उलटते. तिची कमाई हीच पुष्कळदा तिच्या पायांतली बेडी होते. (त्या आजीचा हेतू पैशाचा होता, असा आरोप येथे करावयाचा नाही. हेतू शुद्ध असूनही हे घडते.)

कायदाही अशा जोडप्यांच्या फारसा बाजूचा नव्हता. हिंदू वर आणि मुसलमान वधू यांना 1872 च्या विशेष विवाह कायद्याखाली ‘आम्ही हे धर्म मानीत नाही’ असे लिहून द्यावे लागे. ती अट काढून टाकणारा नवा कायदा झाला तो 1954 साली, म्हणजे देव आनंदचे लग्न झाले त्याच वर्षी.

गिरगाव-दादरच्या चाळींतून अशा थोरल्या बहिणी कोणी पाहिल्या नाहीत? कोणी शिक्षिका, कोणी टेलिफोन ऑपरेटर, कोणी कचेरीतील कारकून. आधी भावांची शिक्षणे, मग धाकटीचे लग्न, मग ‘आता या वयात कशाला?’ त्यांच्या अखेरच्या दुखण्यात वार्ताहर येत नाहीत. उशाशी भाचरे असतात आणि ती जीव लावून सेवाही करतात. प्रॉव्हिडंट फंडावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे त्यांना ठाऊक असते. आत्याला कधी कोणी आवडले होते काय, हे त्यांनी विचारलेले नसते.