परदेशात सेवेला जायचं, पण कोणत्या संस्थेमार्फत?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, उपासना संपल्यावर, आमच्या मुरुडच्या मंडळीतली एक मुलगी सतरंजीच्या घड्या घालता घालता माझ्याजवळ आली. नर्सिंगचं जीएनएम झालेली, लातूरच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करणारी. मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, निवड झाली बघा." पत्रावर वर क्रूस, खाली गोल शिक्का, मधे आफ्रिकेतल्या कुठल्याशा मिशन दवाखान्याचं नाव. शेवटी, व्हिसाच्या कामासाठी 40,000 रुपये एका मोबाइल नंबरवर पाठवा. नंबर टाकून पाहिला तर खातं एका माणसाच्या नावावर निघालं. संस्थेचा पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही.

"पण सर, क्रूस आहे की त्याच्यावर," ती म्हणाली.

तिचा हा भाबडेपणा मला टोचला, कारण तो आपल्या सगळ्यांचाच आहे. क्रूस कुणालाही छापता येतो. खरी संस्था कुठेतरी नोंदलेली असते. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर त्याचा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी पडताळता येतो. आणि सेवेच्या नावाखाली कुणी परदेशातली पगाराची नोकरी लावून देत असेल, तर तो भरती एजंट झाला. त्याला 1983 च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव सापडायला हवं. असा नोंदणीकृत एजंटही सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही.

मग पैशाची गोष्ट काढली की संस्था खोटी, असं समजायचं का? तसंही नाही. मिशन संस्था पगार देते, ही आपल्याकडची समजूत बोर्डिंग आणि मिशन दवाखान्यांच्या काळातली आहे. आज बऱ्याच संस्थांमध्ये सेवकाने आपला खर्च मंडळीकडून, नातेवाइकांकडून, मित्रांकडून महिन्याच्या वर्गणीने उभा करायचा असतो. 'लोगोस होप' हे पुस्तकांचं जहाज देशोदेशी फिरतं, त्यावरचे लोकही पगाराविना, अशाच आधारावर काम करतात. फरक बघायचा तो असा: खरी संस्था आधी अर्ज, मुलाखत, पाळकांचं शिफारसपत्र मागते. पैसे कशाचे, किती, किती महिने, हे लेखी देते. ते संस्थेच्या खात्यात जातात आणि पावती मिळते. परतीचं तिकीट आणि आजारपणाचा विमा त्यात धरलाय का, हे मात्र आपण विचारायचं. विचारलं तर विश्वास कमी दिसेल, अशी भीती बाळगू नये.

"सगळ्या संस्था एकाच प्रभूच्या, कोणतीही चालेल," हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. त्यावर मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या, तिथेच 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. भगिनींनी माया केली, शिक्षणाची सोय केली. पण आज्ञापालन कितपत आणि कोणत्या मतांना मान तुकवायची, यावरून खटके उडाले. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की दोन्ही बाजूंची तळमळही दिसते आणि ताणही. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं: अटी अशा की रमाबाईंच्या शाळेला दहा वर्षं मदत, आणि शाळा कोणत्याही पंथाची नाही. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ती शाळा, शारदा सदन, उघडली. तरी 1893 मध्ये, काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अटी एवढ्या स्पष्ट असूनही त्यांचा अर्थ लावताना माणसं दुरावली. मग अटीच माहीत नसतील तर काय होईल? म्हणून संस्थेचा विश्वासनामा मागून घ्यावा. बाप्तिस्मा, स्त्रियांनी उपदेश करणं, वरिष्ठांचा अधिकार, यावर तिचं म्हणणं काय, ते सही करण्याआधी वाचावं.

मिशन म्हणजे गोऱ्या लोकांनी इकडे येणं, हा समज तर शंभर वर्षं जुना झाला. तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी 1903 मध्ये स्वतःची मिशनरी संस्था काढली, 1905 मध्ये सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. नेपाळात दवाखाने आणि शाळा चालवणारं युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन झालं ते आपल्या नागपुरात, 5 मार्च 1954 रोजी. तिथल्या तानसेन गावातला त्यांचा दवाखाना आजही चालू आहे. अशा ठिकाणी बायबल कॉलेजच्या पदवीइतकीच नर्सची, लॅब टेक्निशियनची, हिशेब सांभाळणाऱ्याची गरज असते.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, तेव्हा पिशवी उचलायची आणि जायचं, असं आमच्या तरुणांना वाटतं. पण तिथे धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. युनायटेड मिशननेही धर्मप्रसार करणार नाही, रुग्णसेवा आणि शिक्षण करू, असं नेपाळ सरकारला कबूल करूनच काम मांडलं होतं. आखातात तर पर्यटक म्हणून जाऊन पत्रकं वाटणाऱ्याच्या मागे तिथल्या विश्वासणाऱ्यांनाही त्रास भोगावा लागतो. कायद्याची गोष्ट टाळून नुसता उत्साह चढवणारी संस्था मला नको वाटते.

त्या मुलीने पैसे पाठवले नाहीत. मग आम्ही दुसऱ्या एका संस्थेला लिहिलं. तिच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न होते: वरिष्ठ कोण, सुट्टी किती, आजारी पडले तर घरी कोण आणणार. महिन्याभराने उत्तर आलं, त्यात प्रश्नांची उत्तरं होती आणि पाळकांसाठी वेगळं पाकीट होतं. आत एकच प्रश्न: ही मुलगी सध्या तुमच्या मंडळीत काय करते?

पाळकांनी पेटीवर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं, "रविवारशाळेची 14 मुलं हिच्याकडे आहेत. रात्रपाळी करून येते, तरी वर्ग चुकवत नाही."