सांजघंटा आणि घरातला दिवा

दिवेलागणीची वेळ मोठी नाजूक असते. दिवसभर कचेरीत, दुकानात वा कारखान्यात राबलेला माणूस घरी परततो. पण त्याचे मन त्याच्याबरोबर परतलेले असतेच असे नाही. वरिष्ठांचा उणा शब्द, हिशेबातील चूक, अर्धवट राहिलेले काम, हे सारे त्याच्या मागोमाग उंबरठा ओलांडून आत येते. हल्ली तर खिशातला फोनच ते आत घेऊन येतो. मग ज्यांचा त्यात तिळमात्र दोष नाही अशा घरच्या माणसांवर त्याचा राग निघतो. आपल्या घरांतून नेमक्या याच वेळी देवाजवळ दिवा लावून शुभंकरोती म्हणण्याचा प्रघात पडला, तो उगीच नव्हे. ख्रिस्ती समाजानेही या वेळेचे मर्म फार पूर्वीच ओळखलेले आहे.

ख्रिस्ती सायंप्रार्थनेची मुळे यहुदी उपासनेत आहेत. यरुशलेमच्या मंदिरात सायंकाळी अर्पण होत असे. बायबलमधील 141 व्या स्तोत्रात भक्ताने आपल्या प्रार्थनेला धूपाची आणि उंचावलेल्या हातांना त्या सायंअर्पणाची उपमा दिली आहे. पुढे दिवा लावतेवेळी गावयाचे एक ग्रीक स्तोत्र रूढ झाले. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनाही ते पूर्वजांकडून आलेले म्हणून ठाऊक होते, आणि पूर्वेकडील चर्चमध्ये ते आजही गाइले जाते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली केली, तीत संध्याकाळची एक आणि निजण्यापूर्वीची एक अशा दोन प्रार्थना सांगितल्या. इंग्लंडच्या चर्चने 1549 च्या प्रार्थनाग्रंथात या दोहोंतील अंश एकत्र करून सामान्य जनांसाठी एकच सायंप्रार्थना सिद्ध केली. दिवा उजळण्याच्या वेळेस मनाचा काळोखही देवापुढे ठेवावा, ही दृष्टी मात्र सर्वत्र एकच.

गोव्यात ज्यांचे वास्तव्य झाले आहे त्यांना ही परंपरा पुस्तकातून शिकावी लागत नाही. तिन्हीसांजेला चर्चची घंटा होते. अनेक ख्रिस्ती घरांतून मग सारे कुटुंब आल्तारापुढे जमते आणि ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना सुरू होते. दहा-दहा मण्यांच्या पाच लडी, प्रत्येक लडीच्या आरंभी प्रभूने शिकविलेली प्रार्थना, आणि पुढे दहा वेळा मरियामातेला वंदन. प्रार्थना संपली की मुले हात जोडून वडीलधाऱ्यांपुढे येतात आणि ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात.

मडगावास असताना आम्ही एका संध्याकाळी शेजारच्या अशाच एका घरी बसलो होतो. गृहस्थ रोखपालाचे काम करीत. त्या दिवशी हिशेबात रक्कम कमी भरल्याने त्यांना घरी यायला उशीर झाला होता, आणि चारचौघांत बोलणीही खावी लागली होती. घरात पाऊल ठेवताच धाकट्या मुलाच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला. निमित्त एवढेच, पण गृहस्थांनी त्याला एक चपराक लगावली. आम्ही अवघडून उठू लागलो, तोच आजींनी मेणबत्ती लावली आणि आम्हांला खुणेनेच बसविले. तेर्स सुरू झाले. आरंभी गृहस्थांचा आवाज कोरडा होता. तिसऱ्या लडीपर्यंत तो खाली आला. प्रार्थना संपताच मुले बेसांव मागू लागली. धाकटाही हात जोडून, मान खाली घालून बापापुढे उभा राहिला. काही वेळापूर्वी ज्या हाताने मारले, तोच हात आता आशीर्वादासाठी उचलायचा होता. तो उचलेना. अखेर गृहस्थ खाली बसले, मुलाला जवळ ओढले आणि चूक आपली होती असे त्याला सांगितले. मगच त्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. हिशेबातली तूट त्या प्रार्थनेने भरून निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी कचेरी होतीच. परंतु कचेरीतला अपमान घरातल्या अन्यायात रुजू पाहत होता, तो तिथेच खुडला गेला. सूर्य मावळेपर्यंत राग मनात ठेवू नये, असा उपदेश संत पौलाने इफिसच्या मंडळीस केला आहे. त्याचा अर्थ आम्हांला त्या संध्याकाळी कळला. ही शांती विसरण्यातून येत नाही, कबुलीतून येते.

गोव्यात 1542 साली आलेले संत फ्रान्सिस झेवियर ज्यांचे सहकारी होते, त्या संत इग्नेशियस लोयोला यांनी अशा आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या आहेत. प्रथम दिवसभरात लाभलेल्या चांगल्याबद्दल कृतज्ञता. मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची याचना. त्यानंतर प्रहराप्रहराने दिवसाची उजळणी. झालेल्या चुकांची क्षमायाचना. आणि शेवटी उद्याचा निश्चय. कृतज्ञता आधी आणि झाडाझडती नंतर, हा क्रम आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. थकलेल्या मनाला प्रथम आधार द्यावा, मगच त्याला जाब विचारावा.

मराठीला ही भक्ती परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी आपले ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच रचले. ते 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट दिली, आणि त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत अद्याप गाइली जातात.

आता पाळ्यांच्या नोकऱ्यांमुळे तिन्हीसांजेला सारे कुटुंब एकत्र सापडणे कठीण झाले आहे, हे खरे. परंतु प्रार्थनेला घंटेचीच वेळ लागते असे नाही. शेवटचा माणूस घरी आल्यावर पाच मिनिटे फोन दूर ठेवावेत, दिवा लावावा, आणि ज्याला त्याला आपल्या श्रद्धेप्रमाणे हात जोडू द्यावेत. त्यानंतर आशीर्वादासाठी हात उचलताना तो कुणापाशी अडखळतो, एवढे मात्र प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.