ओपीडीतल्या फार्मासिस्टचा न मांडलेला हिशेब

नवी मुंबईला औषधशास्त्र नवं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत, बेलापूर-नेरुळला फार्मसी महाविद्यालयं आहेत. तरी ओपीडीत रुग्णाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा फार्मासिस्ट इथे क्वचितच भेटतो. तो खिडकीआड गोळ्या मोजत असतो.

1948च्या फार्मसी कायद्याने त्याला नोंदणी दिली, काम मात्र औषध देण्यापुरतंच राहिलं. 2008मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. त्यानंतरच्या दशकात, महेश झगडे एफडीए आयुक्त असताना, मेडिकलमध्ये फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असावा एवढ्यासाठीच राज्यात केवढा संघर्ष झाला! 2015च्या नियमांनी रुग्णाचं समुपदेशन त्याच्या कामात धरलं. कागदावर सगळं आलं. त्या कामाचा मोबदला कोण देणार, हे कुणी ठरवलं नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल शहराने ते 1996मध्ये ठरवलं होतं. मधुमेही कर्मचाऱ्यांनी फार्मासिस्टला नियमित भेटायचं आणि त्याचे पैसे नगर प्रशासनाने द्यायचे. पुढच्या वर्षांत औषधांवरचा खर्च वाढला, कारण लोक गोळ्या वेळेवर घेऊ लागले. तरीही दर रुग्णामागे एकूण थेट वैद्यकीय खर्च वर्षाला 1,200 ते 1,872 डॉलरने उतरला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण उपचारांची बिलं नगर प्रशासनच भरत होतं, म्हणून बचत त्याच्याच वहीत दिसली.

आपल्याकडे 2021-22मध्येही देशाच्या आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भाग लोकांनी खिशातून भरला, आणि ओपीडीला विम्याचं संरक्षण बहुधा नसतंच. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली एकच पित्ताची गोळी फार्मासिस्टने थांबवली, किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्या आजींची वेदनाशामक गोळी डॉक्टरांशी बोलून बंद करवली, तर पैसे वाचतात ते तुर्भ्यातल्या किंवा कोपरखैरण्यातल्या एखाद्या घराचे. ते कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत. खासगी रुग्णालयाची तर औषधविक्री उलट घटते. फार्मासिस्टची किंमत कळली नाही ती यामुळे. त्याच्या कामात कस नव्हता म्हणून नव्हे.

महापालिकेला मात्र हा हिशेब मांडता येईल, कारण तिच्या रुग्णालयांतला औषधखर्च तीच करते. वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या मधुमेह-रक्तदाबाच्या ओपीडीत एकेक क्लिनिकल फार्मासिस्ट वर्षभर बसवावा, टळलेली औषधं आणि टळलेल्या भरत्या नोंदवाव्यात, आणि ते आकडे नवी मुंबईकरांसमोर ठेवावेत.