डबस्टेपमधील बेसलाइन
डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील आधारभूत मंद्र स्वररचना. हा संगीतप्रकार २००० च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये, विशेषतः क्रॉयडन भागात, यूके गराज व जमेकन डब यांच्या प्रभावातून उदयास आला. याची गती मिनिटाला सुमारे १४० मात्रांची असते. तथापि चारांपैकी तिसऱ्या मात्रेवर मुख्य आघात येत असल्याने ती निम्मी भासते व बेसला अवकाश लाभतो. सुमारे ३० ते ६० हर्ट्‌झ कंप्रतेचा मूळ स्वर कानांइतकाच शरीरालाही जाणवतो. लहान ध्वनिक्षेपकांतून तो जवळजवळ लुप्त होत असल्याने त्याला वरच्या कंप्रतांच्या संनादी स्वरांची जोड देतात. मंदगती आंदोलकाने फिल्टरची उघडझाप करून स्वराला हेलकावे दिले जातात. उत्तम बेसलाइनचे सामर्थ्य मात्र केवळ आवाजाच्या तीव्रतेत नसून, स्वरांमधील विरामांच्या योजनेत असते. अखंड घुमणाऱ्या बेसचा प्रभाव ओसरतो.