नव्या लाकडाला जुनेपण

छोट्या रेल्वेचा छंद असलेले लोक इंजिनं बहुधा विकत आणतात. पण स्टेशनं, पूल, पाण्याच्या टाक्या हौसेनं घरीच बांधतात. महिनाभर खपून लाकडी काड्यांची टाकी उभी राहते, आणि शेवटच्या रात्री घाईनं कुंचला फिरवला की तिचं खेळणं होऊन बसतं! हे टाळायचं कसं, तेवढंच आज सांगतो.

उदाहरण घेऊ अमेरिकेतलं. कोलोरॅडोच्या डोंगरी, अरुंद रुळांच्या मार्गांवर वाफेच्या इंजिनांसाठी लाकडी टाक्या असत. उभ्या फळ्या, भोवती लोखंडी पट्ट्या, खाली दणकट खांब. अशी टाकी म्हातारी होते कशी? लाकडाच्या तंतूंना लिग्निन नावाचं द्रव्य बांधून ठेवतं. उन्हातले अतिनील किरण ते फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर उरतो रुपेरी करडा थर. म्हणजे ऊनपाऊस लागतो तिथं करडेपणा जास्त. छपराच्या वळचणीखाली लाकूड तपकिरीच राहतं. पट्टीखाली गंजाचा ओघळ, नळाखाली ओलीचा काळा डाग, खांबांच्या पायाशी चिखलाचे शिंतोडे. ओघळ आडवा जात नाही हे कुणाला सांगायला नको. पण मॉडेलांवर तसेही ओघळ पाहायला मिळतात! म्हणून कुंचला उचलण्याआधी प्रत्येक डागाला विचारावं, बाबा रे, तू आलास कुठून?

आता कृती. काड्या जोडण्याआधीच रंगवाव्यात. डिंकाचा थेंब जिथं पडतो तिथं शाई मुरत नाही. मग तो फिकट डाग काही केल्या जात नाही. चित्रकलेची काळी शाई थोडीशी घेऊन स्पिरिटात पातळ करावी. पाण्यानं पातळ चादी काडी वाकते आणि लाकडाचे केस उभे राहतात. स्पिरिटानं हा त्रास पुष्कळ कमी. खोलीची खिडकी मात्र उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको. रंगाचा अंदाज काडी वाळल्यावरच घ्यावा, कारण ओली काडी गडद दिसते. सगळ्या काड्या एकसारख्या करू नका. खऱ्या फळ्याही तशा नसतात.

रंगाचे पोपडे उडालेली भिंत हवी असेल, तर शाई वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा इथंतिथं घासावा, वर रंग द्यावा आणि तो वाळला की चिकटपट्टी लावून ओढावी. मेणावरचा रंग निघून येतो.

एक गोष्ट प्रमाणाची. एचओ या प्रचलित मापात सगळं १:८७ असतं. दोन फुटांवरून मॉडेल पाहणं म्हणजे खरी इमारत जवळजवळ पावणेदोनशे फुटांवरून पाहणं. तेवढ्या अंतरावरून रंग फिके भासतात, चकाकी तर दिसतच नाही. तेव्हा रंग बिनचकाकीचा आणि डब्यावरच्यापेक्षा फिका घ्यावा. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी गावी जॉन ॲलन यांनी घरात उभारलेली रेल्वे अशा जुनाट, मळकट रूपासाठीही गाजली. १९७३ साली त्यांचं निधन झालं. पुढं थोड्याच दिवसांत ती आगीत नष्ट झाली.

शेवटी खडूची पूड. करड्या, तांबूस, काळ्या खडूची पूड मऊ कुंचल्यानं वरून खाली ओढावी. ती टिकावी म्हणून वर बिनचकाकीचं वॉर्निश फवारलं, तर बरीचशी दिसेनाशी होते. तेव्हा पूड आधीच थोडी जास्त लावलेली बरी.